मिठाचं पाणी आणि निळी शेवंड

गिरगाव, मुंबई
१४ जून १९३९

प्रिय विमल,

सप्रेम नमस्कार. आईने मंठ्याहून तुला कळवलं असेलच, पण माझ्या हातून कळावं म्हणून लिहिते. बी. एस्सी.नंतर मला इथल्या संस्थेत संशोधनासाठी जागा मिळाली. दोन वर्षांनी एम. एस्सी. सगळे मुलगे, आणि आम्ही तिघी. मामा म्हणतात, आता हिच्या साड्यांना गंधकाचा वास येणार. गंधकाचा आला असता तर बरं होतं. मला जो विषय मिळालाय तो ऐकून तू नाक धरशील. समुद्रातल्या शेवंडीचा रंग!

शेवंड तू पाहिली नसशील. कोळंबीची थोरली बहीण म्हण. हातभर लांब, अंगावर काटेरी कवच. जिवंत असते तेव्हा हिरवट निळी, मोराच्या मानेची आठवण व्हावी अशी. उकळत्या पाण्यात टाकली की दोन मिनिटांत कुंकवासारखी लाल. पहिल्या दिवशी मला रडू आलं. आपल्या घरात विंचूसुद्धा चिमट्याने धरून बाहेर सोडायची पद्धत, आणि इथे मी जिवंत जीव पातेल्यात टाकते आहे.

गंमत अशी की तो लाल रंग बाहेरून येत नाही. कवचात आधीपासून असतो. गाजरात जो रंग असतो त्याच्याच कुळातला. पण कवचात तो एका प्रोटीनला चिकटून बसलेला असतो. प्रोटीन म्हणजे दूध फाटल्यावर जो चोथा खाली बसतो त्यातला पदार्थ. चिकटलेला असेपर्यंत रंग निळा दिसतो, उष्णतेने जोडी तुटली की लाल मोकळा होतो. लाल वेगळा काढणं परदेशातल्या लोकांना जमलं आहे. माझं काम उलट आहे. निळा निळाच राहून बाटलीत उतरवायचा.

तुझी फार आठवण येते. औरंगाबादच्या शाळेत तू पहिली आणि मी कायम तुझ्या मागे. आणि आता मीच एकटी पुढे आले, ह्याचं कधी कधी आश्चर्य वाटतं. भाऊजींना नमस्कार. छोटीला पापा.

तुझी
सुहास

---

जुना जालना
२ जुलै १९३९

प्रिय सुहास,

पत्र पोचलं. आलं तेव्हा मी ज्वारी पाखडून राह्यले होते. ह्यांनी मोठ्याने वाच म्हटलं म्हणून ओसरीवर वाचलं. कोळंबी शब्दाला सासूबाई उठून आत गेल्या आणि हात धुऊन आल्या. पत्राला हातसुद्धा लागला नव्हता त्यांचा.

तू लिहितेस, एकटी पुढे आलीस ह्याचं आश्चर्य वाटतं. मला बिलकुल वाटत नाही. आपल्या दोघींत सात महिन्यांचं अंतर. माझे वडील गेल्यावर काकांनी मला तुझ्याबरोबर वाढवलं, दोघींना आत्याकडे औरंगाबादला शाळेत घातलं. मॅट्रिकला सहा आठवडे उरले आणि जालन्याचं हे स्थळ आलं. मुलगा वकील, पत्रिका जुळली, मी उजवली गेले. तुझ्या पत्रिकेत मंगळ. पाच स्थळं परत गेली आणि दर नकाराला तू एक इयत्ता वर चढलीस. काकू तेव्हा देवाला साकडं घालून रडायची. मी आता त्याच देवाला विचारते, एवढ्या मोठ्या आकाशातला एक मंगळ मला द्यायला तुझं काय जात होतं?

तुझ्या पत्रात एकदाही आपल्याकडचं 'मंग' न्हाई. मुंबईचं पाणी जल्दी लागलं म्हणायचं.

इकडे सगळं बराबर आहे. हे कचेरीत उर्दूत भांडतात आणि घरी येऊन मराठीत झोपतात. पोरगी तीन वर्षांची होईल. मी आज सकाळी हिंगाच्या डबीवरचा छापील कागद वाचून काढला, कारण घरात न वाचलेलं तेवढंच राहिलं होतं.

निळा बाटलीत उतरवायला एवढं अवघड काय आहे ते मात्र लिहिलं नाहीस.

विमल

---

मुंबई
९ ऑगस्ट १९३९

प्रिय विमल,

तुझं पत्र वाचून पोट धरधरून हसले. मंगळाचं तर मैत्रिणींना वाचून दाखवलं. तुझी थट्टा करायची हातोटी काही गेली नाही.

अवघड काय ते आता विचारूच नकोस. आठ आठवडे झाले, निळ्याचा थेंब हाती नाही. कोळीण पहाटे जिवंत शेवंडी आणून देते. कवच सोलायचं, त्याची चरबी जावी म्हणून स्पिरिटमध्ये भिजवून स्वच्छ करायचं, मग खलात कुटायचं आणि रंग काढायचा. पण कुटायला घेईपर्यंतच सगळं लाल झालेलं असतं. बर्फात ठेवून पाहिलं, काळ्या कापडाखाली ठेवून पाहिलं. लालच. शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी म्हणतो, "बाई, तुम्ही स्वयंपाकच करा, रंग झकास येतो." दिवाळीपर्यंत काही निघालं नाही तर विषय बदलायचा असं प्रोफेसरसाहेबांनी सुनावलं आहे. विषय बदलला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की अप्पा मला मंठ्याला परत बोलावतील.

हे सगळं कोणाजवळ बोलू? तुझ्याजवळ बोलते.

सुहास

---

जुना जालना
१० सप्टेंबर १९३९

प्रिय सुहास,

इकडे लढाईची बातमी आली तेव्हा आमच्या घरी वेगळीच लढाई चालू होती, तिचा वृत्तांत लिहिते.

आमच्याकडे भांडी घासायला आसराबाई येते. धनगराची आहे, वाडीवरून येते. तिला म्हटलं, कुंडलिका नदीतले खेकडे मिळतील का? ती बघतच राहिली.

"बाई, डोहाळं लागले का काय?"

"खायला न्हाई गं. बघायला."

"त्यात काय बघायचं? उकळलं की लाल व्हतंय. आमचं लेकरूबी सांगंल."

तरी पदराखाली मडकं घालून तीन आणले तिने. दुपारी सासूबाई कीर्तनाला गेल्त्या, तेव्हा मी गोठ्यात बसले. खेकडे काळपट जांभळे होते, तुझ्या शेवंडीची ऐट त्यांना नव्हती. मारायचं काम आसराबाईनं केलं. माझ्याने झालं नसतं, आणि तू रोज करतेस हे मनात येऊन मला तुझा राग आला, का ते सांगता येत नाही.

कवचाचे तुकडे केले आणि चार वाट्यांत घातले. एकीत उकळतं पाणी, तो तुकडा लाल झाला. दुसरीत स्टोव्हचं स्पिरिट. ते थंडगार होतं सुहास, विस्तवाजवळ सुद्धा नेलं नव्हतं, आणि तासाभरात तुकडा लाल! तिसरीत लिंबाचा रस, तो फसफसला आणि तुकड्याला तांबूस कड आली. चौथीत मिठाचं पाणी. त्यातला तुकडा दिवस मावळेपर्यंत होता तसाच राहिला. मंग तो त्याच पाण्यात कुटला तर पाण्याला निळसर झाक आली. अगदी फिकी, पण आली. आसराबाईलाही दिसली.

तूच लिहिलं होतंस की हे दुधाच्या चोथ्यासारखं आहे. म्हणून वाटीभर दुधात स्पिरिट ओतून पाहिलं. दूध फाटलं. म्हणजे तू साफसफाई म्हणून जे घालून राह्यलीस तेच तुझ्या निळ्याला नासवून राह्यलंय. स्पिरिट बाजूला ठेव. आधी थंड मिठाच्या पाण्यात कुट, बाकीचं मागून.

एवढं होईपर्यंत सासूबाई परत आल्या. गोठ्यात खेकडा, वाट्या घरच्या, आणि दूध फाटलेलं. सगळ्यात जास्त राग दुधाचा आला. महिनाभर देवघरात यायचं नाही आणि चुलीला शिवायचं नाही अशी शिक्षा झाली. ह्यांनी मध्ये पडून पाहिलं, त्यांनाही बोलणी बसली. चारी वाट्या आसराबाई घेऊन गेली. आळीत मी 'खेकडेवाली वकीलीण' झाले.

तरी तुला खरं सांगू? लग्नानंतर इतकी चांगली दुपार मला मिळालीच न्हाई.

विमल

---

मुंबई
२० ऑक्टोबर १९३९

विमल, विमल, विमल!

निळा उतरला! तुझं पत्र टेबलावर उघडं ठेवूनच केलं. थंड मिठाचं पाणी, खाली बर्फ, गाळून घेतलं तर बाटलीत आकाशी रंग. सगळी प्रयोगशाळा बघायला जमली. स्वयंपाक करा म्हणणारासुद्धा बाटली उजेडात धरून बघत होता. मग त्याच बाटलीत स्पिरिटचे थेंब टाकले आणि सगळ्यांच्या देखत निळ्याचा लाल झाला. प्रोफेसरसाहेब म्हणाले, "हे तुम्हाला सुचलं कसं?" आता ते वर्णपटमापक यंत्राखाली स्वतः बघणार आहेत. जानेवारीत विज्ञानसभेत माझा निबंध वाचायचा आणि नंतर तो छापायचा असं ठरलं.

घाईत आहे. सविस्तर मागाहून.

सुहास

---

मुंबई
१८ फेब्रुवारी १९४०

प्रिय विमल,

निबंध छापून आला, सोबत एक प्रत पाठवते. कामात फार अडकले आहे, म्हणून इतके दिवस पत्र नाही. रागावू नकोस.

सुहास

---

जुना जालना
३ मार्च १९४०

प्रिय सुहास,

प्रत मिळाली. छपाई सुबक आहे. इंग्रजी अडखळत का होईना वाचलं, ह्यांचा कोश घेऊन. मिठाच्या पाण्याचं कलम दोनदा वाचलं. शेवटी सगळ्यांचे आभार मानलेस, प्रोफेसरांचे, बर्फ देणाऱ्याचे, शेवंडी आणणाऱ्या कोळणीचे, भुजंग नावाच्या हमालाचे सुद्धा. रीतीला धरून झालं. कोणी राहिलं असेल असं वाटत नाही.

विमल

---

जुना जालना
४ मार्च १९४०

तीर्थस्वरूप नरहरकाकांचे चरणी विमलचे शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, मनात दोन महिने घोळत असलेली गोष्ट लिहू की नको असं होत होतं. पण आपण मला लेकीसारखं वाढवलंत, तेव्हा लपवणं हे पाप.

सुहास मुंबईत कसला अभ्यास करते ते आपणास ठाऊक आहे का? रोज समुद्रातले जीव हाताने मारते आणि उकळते. तेवढ्यावर असतं तरी अभ्यास म्हणून सोडून दिलं असतं. पण आता ती ते खातेही. मला तिने स्वतः पत्रात लिहिलं. मामांकडे चालतं, म्हणून कोणी बोलत नाही. छापील कागदावर एका कोळणीचे आणि हमालाचे उघड आभार मानले आहेत, त्यावरून संगत कशी आहे ते लक्षात यावं. जालन्यात एक चांगलं स्थळ तिची विचारपूस करत होतं. हे कानावर गेल्यावर त्यांनी पाऊल मागे घेतलं.

मी लिहिलं हे तिला कळू नये. ती माझ्यावर जीव टाकते. काकूंस नमस्कार.

आपली आज्ञाधारक
विमल

---

मंठा
६ एप्रिल १९४०

प्रिय विमल,

हे पत्र मंठ्याहून बघून दचकशील. पंधरा दिवसांपूर्वी तार आली, "आई अत्यवस्थ, निघून ये." मनमाडला गाडी बदलताना मी रडत होते, आणि जालन्यावरून गेले तर तुला भेटायलासुद्धा उतरले नाही. घरी पोचले तर आई माडीवर पापड वाळत घालून राह्यली होती. मला बघून तिनेच तोंडाला पदर लावला.

अप्पा म्हणाले, "हातपाय धू, मंग बोलू." आणि धुऊन आल्यावर एकच प्रश्न. "तू मासळी खातेस का?"

मी म्हटलं, "न्हाई अप्पा. मी त्यांच्यावर काम करते."

"मला घरच्या माणसाने कळवलंय."

"कोणी?"

"नाव सांगायचं न्हाई असं वचन आहे."

त्या दिवसापासून माझी ट्रंक त्यांच्या खोलीत आहे. मी शपथा घेतल्या, तर म्हणतात, मारताना हात कापला न्हाई तर खोटं बोलताना काय कापणार. मामीशिवाय दुसरं कोण असेल? तिला माझं प्रयोगशाळेत जाणं कधीच आवडलं नव्हतं. मी तिला फार वाईट पत्र टाकलं. तिचं उत्तर नाही.

आणि आता शहागडचं स्थळ. शरदचंद्रराव म्हणून आहेत, बिजवर, चाळिशी उलटलेले, तीन मुलं. त्यांनाही मंगळ आहे, म्हणून सगळ्यांना हे देवाने धाडल्यासारखं वाटतं. मी मुंबईत शेवंडीच्या सात बाटल्या बर्फावर ठेवून आले. बर्फ एव्हाना गेलं असेल.

विमल, अप्पा तुझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. तू ये. तू एकदा सांगितलंस की सुहास असं करणार नाही, तर ते मानतील.

तुझी
सुहास

---

मंठा
२० एप्रिल १९४०

चि. सौ. विमल हीस नरहर यांचे अनेक आशीर्वाद.

तू वेळेवर कळवलंस, फार बरं केलंस. नाहीतर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पोरगी जेवत न्हाई, पण वळणावर येईल. शहागडवाल्यांची बोलणी पक्की होत आली. त्यांचं म्हणणं, साखरपुडा जालन्यास व्हावा, त्यांना रेल्वे नि मोटार दोन्ही सोईचं. तरी तो तुझ्या घरी करावा असं आमच्या मनात आहे. जावईबापू दीनानाथरावांना विचारून बिलकुल जल्दी कळवावं. तुझ्यासारखी बहीण पाठीशी आहे हे त्या पोरीचं नशीब.

काकूचे आशीर्वाद.

नरहर

---

जुना जालना
२ मे १९४०

सुहास,

'प्रिय' लिहायचा हक्क राहिलेला नाही, म्हणून लिहिलं नाही.

परवा मी मंठ्याला आल्ते. तू आणि काकू नात्यात कोणाच्या बारशाला गेल्ता. तुम्ही परत येईपर्यंत मला थांबू दिलं गेलं न्हाई, म्हणून हे पत्र. तुझ्या मामीने काही केलेलं नाही. काकांना मी लिहिलं. तू खातेस असंही मीच लिहिलं, आणि तू मला पत्रात तसं कबूल केलंस असंही. जालन्याचं एक स्थळ मागे हटलं म्हणून लिहिलं, तसं स्थळच नव्हतं.

का, ते सांगते. तुझा छापील कागद मी चार वेळा वाचला. कोळीण होती, हमाल होता, मी नव्हते. त्या निळ्यासाठी मी महिनाभर घरात अस्पृश्यासारखी राहिले, आणि त्याचं मला काही वाटलं नव्हतं, सुख वाटलं होतं. पण नाव नाही हे बघितलं तेव्हा मला वाटलं, तिला सगळं मिळालं, आणि माझं जे एवढंसं होतं तेही तिने घेतलं. हे झालं कारण. पण नाव असतं तरी मी जळलेच असते, सुहास. तू पहिल्या पत्रात संस्थेत जागा मिळाल्याचं लिहिलंस तेव्हापासूनच जळून राह्यले होते. ज्या मंगळाच्या पत्राला तू हसलीस, त्यात एकही शब्द थट्टेचा नव्हता.

काकांचं पत्र आलं, साखरपुडा माझ्या घरी करावा म्हणून. मी ज्वारीची कोठी बघायला लागले, किती माणसं येतील, किती पीठ लागेल. आणि हात थांबला. मला दिसलं की मीच तुला शहागडवाल्यांच्या ताटात वाढून राह्यले होते. ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे पत्राने होणार न्हाई. तोंडाने सांगावं लागेल." मंग आसराबाईला सोबत घेऊन सर्व्हिस मोटारीने आले.

काका ओसरीवर होते. मी उभ्यानंच सांगितलं.

ते म्हणाले, "मंग ती खात न्हाई?"

"न्हाई. मी खोटं लिहिलं."

"का?"

"ती शिकून राह्यली आणि मी न्हाई, म्हणून."

काका मंग म्हणाले, "मी तुझं लग्न लवकर केलं, कारण तू भावाची लेक. लोकांनी म्हणू नये, पोरकी पोर घरात ठेवली. माझ्या लेकीला थांबवता आलं. तुला थांबवायची माझी छाती झाली न्हाई." मला वाटलं, आता डोक्यावर हात ठेवतील. पण ते उठले आणि म्हणाले, "जा. ह्या घरात पुन्हा येऊ नकोस." पाणीसुद्धा न पिता मी परत फिरले. आसराबाई मोटारीत म्हणाली, "लई बोल्लात बाई. थोडं कमी बोल्ला असता तं माहेर ऱ्हायलं असतं."

कमी बोलून भागलं नसतं.

शहागडला नकार कळवतो असं ते म्हणाले आहेत. ट्रंक तुला मिळेल. मला उत्तर लिहू नयेसं वाटलं तर लिहू नकोस.

विमल

---

मुंबई
२८ जून १९४०

विमल,

तुझं पत्र तीनदा फाडायला घेतलं. अप्पांनी ट्रंक स्वतः मोटारीवर चढवली आणि मला मुंबईला सोडायला आले. मामीच्या पाया पडून माफी मागितली. ती म्हणाली, राहू दे, पण जेवायला बसले की माझं पान अजून आपटूनच ठेवते.

बाटल्या गेल्या. सगळ्यांचा रंग विटकरी झाला होता. निळ्याचं पुढचं काम त्या शेजारच्या विद्यार्थ्याला दिलं आहे. तो माझीच वही घेऊन बसतो, मी दिली. मला नवा विषय दिला आहे.

आता माझं ऐक. तुझं नाव मी विसरले नव्हते. पहिल्या मसुद्यात होतं. "माझी चुलत बहीण विमल हिने सुचवल्यावरून" असं मी माझ्या हाताने लिहिलं होतं आणि माझ्याच हाताने खोडलं. प्रोफेसरसाहेबांनी विचारलं, हे सुचलं कसं, तेव्हा मी म्हटलं, सहज सुचलं. मी आठ आठवडे यंत्रं, बर्फ, पुस्तकं घेऊन बसले होते आणि तू गोठ्यात चार वाट्या मांडून एका दुपारी ते काढलंस. तुझं पत्र वाचल्यावर आनंद नंतर झाला. आधी वाटलं, इथेही ती पहिली आणि मी मागे. तू कधी मुंबईला आलीस तर ही खुर्ची तुझी आहे हे सगळ्यांना कळेल, असं काहीतरी वेडं मनात आलं, आणि मी रेघ मारली.

पण आपण दोघी फिटलो असं समजू नकोस. मी तुझं नाव खोडलं. तू मला शहागडला पाठवायला निघाली होतीस. ह्या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत. मला तुझा राग आहे आणि तो किती दिवस राहील हे सांगता येत नाही.

प्रोफेसरसाहेबांना काल सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, छापलेलं बदलत नाही.

सुहासिनी

---

मुंबई
५ मार्च १९४१

सौ. विमल हीस,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. छोटी अक्षरं गिरवते हे वाचून बरं वाटलं. इकडे विशेष काही नाही. काम रटाळ चाललं आहे. लिहिण्यासारखं काही घडत नाही. आईची तब्येत बरी आहे. ती तुझी चौकशी अप्पांच्या पाठीमागे करते.

सुहास

---

मुंबई
१२ सप्टेंबर १९४१

प्रिय विमल,

पत्र मिळालं. विशेष काही नाही. पावसाने कपडे वाळत नाहीत. लढाईमुळे रसायनं मिळत नाहीत, म्हणून काम बंदच आहे म्हण ना. तू नको चौकशी करूस, सांगण्यासारखं असलं तर मी कळवीनच.

सुहास

---

जुना जालना
९ डिसेंबर १९४१

प्रिय सुहास,

काल ह्यांनी वकिलांच्या खोलीतून पुण्याचं आठ दिवसांचं शिळं वर्तमानपत्र आणलं. भाव बघायला उघडलं आणि खालच्या कोपऱ्यात सहा ओळी दिसल्या. कु. सुहासिनी नरहर मंठेकर, मूळच्या निजाम इलाख्यातल्या, एम. एस्सी. झाल्या. समुद्रातल्या कोळंबीला तिचा रंग स्वतः तयार करता येत नाही, तो तिला पाणवनस्पतींच्या आहारातून मिळतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. तांदळाच्या पिठीवर ठेवलेल्या कोळंब्या पाच महिन्यांत फिक्या पडल्या, समुद्री शेवाळावर ठेवलेल्या पडल्या नाहीत. परीक्षकांनी विशेष शेरा दिला.

पाच महिने! मार्चमध्ये तू लिहिलंस, रटाळ चाललंय. तेव्हा तुझ्या टेबलावर एका भांड्यात कोळंब्या फिक्या पडून राह्यल्या होत्या. सप्टेंबरात काम बंद म्हणालीस, तेव्हा तू प्रबंध लिहून राह्यली असशील. आणि मी हे कांद्याच्या भावाखाली वाचायचं?

मला कळलं तू का लपवलंस. राग असता तर तू टाकून बोलली असतीस. हा राग नव्हे. तू मला जपून राह्यलीस. विमलला सांगितलं तर विमल जळेल, पुन्हा काही करून बसेल, म्हणून कपडे वाळत न्हाईत असं लिहायचं. सुहास, काकांनी दार लावलं तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं.

खोटं लिहिणार न्हाई. बातमी वाचली आणि मी जळले, पहिल्यासारखीच. रात्रीचं पिठलं करपलं. सासूबाईंनी विचारलं काय झालं, मी म्हटलं, सुहास पास झाली. त्या म्हणाल्या, मंग रडतेस कशाला? मला आनंद आणि मत्सर, दोन्ही कारणं होती, त्यांना एकच सांगितलं.

हा मत्सर जाणार न्हाई. मी वाट बघून पाह्यली, उपास करून पाह्यला. तो माझा आहे आणि त्याला बांधून ठेवायचं काम माझं आहे. दीड वर्ष बांधून ठेवलाय, तुला पत्ता तरी लागला का? तेव्हा माझ्यासाठी तुझं चांगलं झालेलं बारीक करून सांगत जाऊ नकोस. माझ्यावर रागव. ते मी कमावलंय. पण मला काही झेपणार न्हाई असं समजून गप्प बसू नकोस, कारण ह्या आळीत मला झेपणारं दुसरं काही येतच न्हाई.

एक विचारते. तांदळाच्या पिठीवरच्या कोळंब्या फिक्या पडल्या, त्या रंग न मिळाल्याने पडल्या की नुसत्या उपाशी राहून आजारी पडल्या, हे तू कसं वेगळं केलंस? वर्तमानपत्रात ते न्हाई. केलं असशीलच. पण केलं नसशील तर परीक्षक झोपले होते.

सबंध प्रबंध पाठव. ह्यांचा कोश मी माझ्याच फडताळात आणून ठेवलाय. पहिल्या पानापासून वाचणार आहे, आणि चूक सापडली तर कळवणार आहे.

तुझी
विमल